दहा वर्षांचा हिशोब एका कागदावर हवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आले की आपल्या दैनिकात लहानमोठ्या संस्थांच्या सभांची वृत्ते प्रसिद्ध होतात. नव्या कार्यकारिणीची नावे, वर्षभरातील कार्यक्रम आणि अध्यक्षांचे भाषण यांना त्यांत जागा मिळते. हिशोबाच्या वाट्याला मात्र ‘जमाखर्च सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ एवढे एकच वाक्य येते. यात वृत्त देणाऱ्यांचा दोष नाही, कारण सभेतही हिशोबाला तेवढाच वेळ दिलेला असतो. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या, नफ्याचा हेतू नसलेल्या लहान संस्थांचे हिशोब मी बराच काळ जवळून पाहत आलो आहे. अभ्यासमंडळे असोत, हौशी कलावंतांचे संघ असोत की एखाद्या व्यवसायातील लोकांच्या संघटना, त्यांच्या आर्थिक अडचणी बहुधा एका वर्षात उद्भवत नाहीत. त्या दहा-पंधरा वर्षांत साचतात आणि ज्या कागदावर सभासद मत देतात तो कागद फक्त बारा महिन्यांचा असतो. म्हणून प्रत्येक लहान संस्थेने वार्षिक हिशोबासोबत मागील दहा वर्षांचे आकडे एका पानावर शेजारीशेजारी मांडून सभेपुढे ठेवावेत, अशी माझी सूचना आहे आणि तिची कारणे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लहान संस्थेच्या सभेत प्रत्यक्ष वाचले जाते ते पैशाची आवकजावक दाखवणारे जमाखर्च पत्रक. उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद अहवालाच्या शेवटच्या पानांवर छापलेले असतात, पण तिथपर्यंत चर्चा पोहोचत नाही. जमाखर्च पत्रकात पैसा ज्या दिवशी हाती आला किंवा हातातून गेला तो दिवस महत्त्वाचा असतो; तो पैसा कोणत्या वर्षाच्या कामाचा आहे हे त्यातून कळत नाही. पुढच्या वर्षाची वर्गणी वर्ष संपण्यापूर्वी आगाऊ आली तर ती याच वर्षाची जमा दिसते. छपाईचे बिल पुढच्या वर्षावर ढकलले तर या वर्षी शिल्लक पडल्याचे दिसते. वर्धापनाच्या निमित्ताने एकदाच मिळालेली मोठी देणगी नियमित जमेच्या रांगेत बसते आणि पुढच्या वर्षी ती नसल्यामुळे पडलेली तूट नव्या कार्यकारिणीच्या माथी मारली जाते. अशा पत्रकावरून संस्था सुस्थितीत आहे की नाही याचा निर्णय करता येत नाही, मग ते लिहिणारा कितीही प्रामाणिक असो आणि लेखापरीक्षकाने ते कितीही काळजीपूर्वक तपासलेले असो. लेखापरीक्षक आकडे खरे आहेत का हे पाहतो. संस्था दहा वर्षांनी टिकेल का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

वर्गणीचे उदाहरण सर्वांत सोपे आहे. वर्गणी दहा वर्षे तीच ठेवली आणि महागाई दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर दहाव्या वर्षाअखेर त्या वर्गणीची खरेदीशक्ती मूळच्या सुमारे ५६ टक्के उरते. सभासद तेवढेच राहिले, वसुलीही चोख राहिली, तरी संस्थेने आपल्या खऱ्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग गमावलेला असतो. एकाही वर्षाच्या पत्रकात ही घट दिसत नाही, कारण तुलनेला फक्त मागच्या वर्षाचा आकडा असतो आणि तो या वर्षाच्या आकड्याएवढाच असतो. मधल्या काळात कार्यकारिणी खर्च कापत जाते: आधी नियतकालिकाची पाने कमी होतात, मग अंक वर्षातून दोनच निघतात, मग पत्रव्यवहार थांबतो. शेवटी वर्गणी मूळच्या मोलावर आणायची झाली तर ती एकदम सुमारे ७९ टक्क्यांनी वाढवावी लागते आणि तेही संस्था पूर्वीपेक्षा कमी देत असताना. सभासद साहजिकच नाराज होतात. त्यातून काहीजण नूतनीकरण करत नाहीत आणि सोडून जाणाऱ्यांत बहुधा तेच असतात जे कार्यक्रमांना क्वचित येत, पण वर्गणी मात्र नेमाने भरत. संस्थेला ज्यांच्यावर सर्वांत कमी खर्च करावा लागत होता तेच आधी जातात. दरवर्षी महागाईएवढी लहानशी वाढ आपोआप व्हावी, असा ठराव एकदाच करून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. तो फार थोड्या संस्था करतात. वर्गणीवाढीचा विषय मांडणारा कोषाध्यक्ष अप्रिय होतो आणि न मांडणारा पुन्हा निवडून येतो, याहून मोठे कारण मला त्यामागे दिसलेले नाही.

वर्गणी हे संस्थेच्या सेवांचे मूल्य आहे की संस्था चालावी म्हणून दिलेला वाटा, याबद्दलही बहुतेक ठिकाणी स्पष्टता नसते. मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडले की एखाद्या गटाच्या कामाचा लाभ वर्गणी न देणाऱ्यालाही मिळत असेल, तर सर्वांचे हित असूनही आपणहून वाटा उचलणारे थोडेच निघतात, आणि गट जितका मोठा तितकी ही अडचण वाढते. लहान मंडळाची व्याख्याने सर्वांना खुली असतात, त्याने मिळवलेल्या सवलती व्यवसायातील प्रत्येकाला लागू होतात. हा खुलेपणा चांगला आहे आणि तो सोडू नये, असे मला मनापासून वाटते. मात्र मग वर्गणी मागताना ‘यात तुम्हाला काय मिळेल’ याची यादी देण्याऐवजी ती कशासाठी खर्च होते हे आकड्यांनिशी सांगायला हवे.

आता आजीव सभासदत्वाबद्दल. लहान संस्थांच्या अर्थकारणात इतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल असेल असे मला वाटत नाही. पैशाची निकड लागली की कार्यकारिणी आजीव सभासद नोंदणीची मोहीम काढते. वार्षिक वर्गणीच्या दहापट रक्कम एकदाच भरा आणि जन्मभराचे सभासद व्हा, असे आवाहन केले जाते. चार-सहा महिन्यांत चांगली रक्कम जमा होते, त्या वर्षीचा जमाखर्च उत्तम दिसतो आणि कार्यकारिणीचे अभिनंदन होते. वस्तुतः ती रक्कम उत्पन्न नाही. पुढची कित्येक वर्षे त्या सभासदाला अंक पाठवण्याचे, सभेची सूचना देण्याचे, कार्यक्रमांत सामावून घेण्याचे वचन संस्थेने त्या रकमेच्या बदल्यात दिलेले असते. हिशोबाच्या भाषेत ते देणे आहे.

हे देणे किती मोठे असते ते पाहावे. एका सभासदामागे होणारा वर्षाचा खर्च वार्षिक वर्गणीएवढाच आहे असे धरू. प्रत्यक्षात तो बहुधा अधिक असतो. आजीव वर्गणी म्हणून आलेली दहापट रक्कम संस्थेने ठेवीत ठेवली आणि महागाई वजा जाता तिच्यावर दरसाल २ टक्के खरा परतावा मिळाला, तर ती रक्कम त्या सभासदाचा खर्च साधारण अकरा वर्षे भागवते. बारावे वर्ष लागले की तो सभासद इतरांच्या वर्गणीवर पोसला जातो. पस्तिशी-चाळिशीत सभासद झालेली व्यक्ती पुढे तीस वर्षे संस्थेत राहणे मुळीच अवघड नाही आणि तीस वर्षांच्या खर्चासाठी याच परताव्याने वर्गणीच्या सुमारे बावीसपट रक्कम घ्यायला हवी होती. खरा परतावा शून्य असेल, म्हणजे व्याज महागाईपुरतेच असेल, तर तीसपट. दहापट हा आकडा कोठून आला असे विचारले तर ‘पूर्वीपासून आहे’ एवढेच उत्तर मिळते. हे सारे गणित रक्कम ठेवीत राहिली असे गृहीत धरून केलेले आहे. बहुसंख्य लहान संस्थांत ती त्याच वर्षीच्या चालू खर्चात जाते आणि तसे झाले की पहिल्या वर्षापासूनच त्या सभासदाचा भार इतरांवर पडतो.

याचा परिणाम उशिरा दिसतो. मोहिमेनंतर दहाएक वर्षांनी सभासदसंख्या कागदावर भरघोस असते, पण वार्षिक वर्गणी भरणारे त्यांतले मूठभरच उरतात. आजीव सभासद वर्षानुवर्षे वाढत गेलेले असतात, कारण जे उत्साही होते आणि एरवी दरवर्षी भरत राहिले असते, त्यांनीच आधी आजीव सभासदत्व घेतले. नव्या कार्यकारिणीला पुन्हा निकड लागते आणि ती पुन्हा तीच मोहीम काढते. नव्या आजीव सभासदांचे पैसे जुन्यांना दिलेली वचने पाळण्यात खर्च होऊ लागतात. हा क्रम थांबवता येतो. आजीव वर्गणीची सगळी रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी, त्यातून दरवर्षी एका वार्षिक वर्गणीएवढीच रक्कम प्रत्येक हयात आजीव सभासदापोटी उत्पन्नात वळवावी आणि तो निधी अपुरा पडतो आहे का याची काही वर्षांच्या अंतराने तपासणी करावी. असे केल्यावर मोहिमेच्या वर्षीचा वाढावा लहान दिसेल, आणि तोच खरा असेल.

इतिहासात याहून मोठ्या प्रमाणावर हीच चूक होऊन गेली आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये कामगार व कारागिरांच्या परस्पर साहाय्याच्या सभासद-संस्था, ज्यांना ‘फ्रेंडली सोसायटी’ म्हणत, मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्यासाठी पहिला कायदा १७९३ साली झाला. सभासद लहानशी ठरावीक वर्गणी भरत आणि आजारपणात संस्था त्यांना भत्ता देई. अनेक संस्थांत वर्गणी सर्व वयांना सारखीच होती. संस्था नवी असताना सभासद तरुण असत, आजारपण कमी असे, निधी वाढत जाई आणि प्रत्येक वर्षाचा हिशोब समाधानकारक दिसे. सभासद एकत्र म्हातारे होऊ लागले की भत्त्यांची मागणी वाढे, निधी आटू लागे आणि तरुण कामगार अशा संस्थेत येण्याऐवजी दुसरी नवी संस्था काढत. चाळीस वर्षे वर्गणी भरलेल्या माणसाच्या वाट्याला, त्याला खरी गरज असताना, रिकामी पेटी येई. यात पैशाची अफरातफर झालेली असणे मुळीच आवश्यक नव्हते. दरवर्षीचा हिशोब बरोबर असूनही संस्था बुडत असे. अखेर १८७५ च्या कायद्याने या संस्थांना दर पाच वर्षांनी आपली मालमत्ता आणि भावी देणी यांचे मूल्यमापन करून घेणे बंधनकारक केले. वार्षिक हिशोब पुरेसा नाही, त्याच्याबरोबर लांब पल्ल्याचाही हिशोब लागतो, हे तिथल्या विधिमंडळाने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. आपल्या लहान मंडळांवर आजारभत्त्याची जबाबदारी नसते, त्यामुळे परिणाम इतके क्रूर होत नाहीत. पण आजच्या आकड्यात उद्याचे देणे लपून राहण्याची रीत तीच आहे.

एकाच मोठ्या प्रकल्पात पैसा अडकल्याने काय होते, याचे उदाहरण तर विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लंडनची रॉयल सोसायटी १६६० मध्ये स्थापन झाली तेव्हा तीही सभासदांच्या वर्गणीवर चालणारी एक तुटपुंजी संस्था होती. आठवड्याला एक शिलिंग अशी वर्गणी ठरली होती आणि ती थकवणाऱ्या सभासदांची डोकेदुखी पुढील कित्येक वर्षे टिकली. १६८६ मध्ये सोसायटीने माशांवरचा एक भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रांच्या कोरीव पट्ट्यांचा खर्च अनेक सभासदांनी स्वतंत्र देणग्या देऊन उचलला होता, तत्कालीन अध्यक्ष सॅम्युएल पेपिस हे त्यांत आघाडीवर होते. ग्रंथ खपला नाही आणि सोसायटीचा पैसा त्यात अडकून बसला. पुढच्याच वर्षी आयझॅक न्यूटन यांचा गतीचे नियम आणि गुरुत्वाकर्षण मांडणारा ग्रंथ छापण्याची वेळ आली तेव्हा सोसायटीजवळ त्यासाठी पैसे नव्हते. तो खर्च एडमंड हॅली यांनी स्वतःच्या खिशातून केला आणि सोसायटीचे वेतनदार कारभारी असलेल्या याच हॅलींना वेतनापोटी त्या मत्स्यग्रंथाच्या न खपलेल्या प्रती देण्यात आल्या. मला या हकिगतीत देणग्यांचा भाग अधिक बोधप्रद वाटतो. चित्रांसाठी मिळालेल्या देणग्यांमुळे प्रकल्प स्वस्त भासला असणार. पण देणगीदार एका भागाचा खर्च देतात तेव्हा उरलेल्या भागाचा खर्च संस्थेच्या सर्वसाधारण निधीवर येऊन पडतो.

विशिष्ट हेतूसाठी मिळालेला पैसा आणि कशासाठीही वापरता येणारा पैसा यांतील हा फरक सभासदांना माहीत असायलाच हवा. अमेरिकेत लेखामानके ठरवणाऱ्या मंडळाने २०१६ साली ना-नफा संस्थांसाठीचे नियम बदलले. निव्वळ मालमत्ता देणगीदाराची अट असलेली आणि अट नसलेली अशा दोनच वर्गांत दाखवावी, तसेच पुढील एका वर्षाच्या खर्चासाठी प्रत्यक्ष किती पैसा मोकळा आहे हे स्पष्ट सांगावे, असे त्यांत ठरले. कोणत्याही देशातील लहान संस्थेने, कायदा सांगो वा न सांगो, ही दोन वाक्ये आपल्या अहवालात घालावीत. बँकेत मोठी रक्कम आहे असे ऐकून सभासद निश्चिंत होतात आणि त्यातली बरीचशी पुरस्कारांच्या ठेवींत, इमारत निधीत किंवा आजीव वर्गणीत बांधलेली असते.

पुरस्कारांच्या ठेवींबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण तिथे भावना गुंतलेल्या असतात. कोणी कृतज्ञतेने, कोणी दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ रक्कम देते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी पुरस्कार द्यावा अशी अट घालते. सुरुवातीला पुरस्काराची रक्कम साजेशी असते. सगळे व्याज दरवर्षी वाटून टाकले जात असल्यामुळे मूळ ठेव मात्र तेवढीच राहते आणि महागाई ६ टक्के असेल तर बारा वर्षांत तिचे मोल निम्मे होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०२० पर्यंत बहुतेक विकसित देशांत व्याजदरही घसरत गेले, म्हणजे अशा ठेवींवर दोन्ही बाजूंनी घाला आला. कालांतराने पुरस्काराची रक्कम इतकी किरकोळ होते की निवड समितीच्या टपालाला आणि समारंभाला तिच्याहून अधिक खर्च येतो. तो खर्च सर्वसाधारण निधी सोसतो आणि कोणत्याही पत्रकात तो त्या ठेवीच्या नावावर दिसत नाही. ठेव स्वीकारतानाच व्याजाचा काही भाग मुद्दलात मिळवण्याची, व्यवस्थापनाचा खर्च त्यातून वळता करण्याची आणि ठेव अपुरी पडल्यास ती दुसऱ्या ठेवीत विलीन करण्याची मुभा देणगीदाराकडून लेखी घ्यावी. सन्मानाने दिलेला पैसा नाकारणे जड जाते हे मी जाणतो. तरीही अट फार जाचक असेल तर नम्रपणे नकार द्यावा, असे माझे मत आहे.

आणखी एक खर्च असा आहे जो कोणत्याच पत्रकात येत नाही, कारण त्याचे पैसे कोणी मागितलेले नसतात. कार्यवाह संध्याकाळी घरी बसून पत्रव्यवहार करतात, कोषाध्यक्ष सुट्टीच्या दिवशी पावत्या लावतात, एखादा हितचिंतक सभेला विनामूल्य जागा देतो, कोणी अंकाची मांडणी करून देते. संस्थेचा निम्मा कारभार अशा माणसांच्या वेळेवर चालतो आणि हिशोबात त्याची किंमत शून्य असते. ही माणसे थकली, दूर राहायला गेली किंवा नाहीशी झाली की तेच काम पैसे देऊन करून घ्यावे लागते आणि खर्च एका वर्षात दुप्पट झाल्यासारखा दिसतो. मग नव्या लोकांना उधळे म्हटले जाते. त्यात माणसांच्या कामाची एक जुनी अडचण भर घालते. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात नाटक, संगीत अशा प्रयोगकलांच्या संस्थांचा अभ्यास करून दाखवले की ज्या कामात यंत्राने माणसाचा वेळ वाचत नाही त्याचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत सतत वाढत जातो, कारण इतर क्षेत्रांतील वाढत्या वेतनाशी त्यालाही जुळवून घ्यावे लागते. चौघांसाठी लिहिलेली रचना वाजवायला आजही चार वादक आणि तेवढाच वेळ लागतो. लहान संस्थांचे बहुतेक काम याच जातीचे आहे. त्यामुळे दहा वर्षांच्या तक्त्यात बिनमोल मिळणाऱ्या कामाची आणि जागेची एक अंदाजी ओळ असावी. तिच्यावरून निदान कोणत्या व्यक्तीवर संस्था किती अवलंबून आहे हे सभासदांना कळेल, आणि त्या व्यक्तीचे आभार नेमकेपणाने मानता येतील.

वास्तूबद्दल थोडक्यात लिहितो. बांधकामाला देणगीदार मिळतात, भिंतीवर नावे लागतात. वीस-पंचवीस वर्षांनी छप्पर गळू लागते तेव्हा दुरुस्तीला कोणी पुढे येत नाही. ताळेबंदात घसारा, म्हणजे वास्तूच्या झिजेपोटी दरवर्षी धरलेली वजावट, लिहिलेला असतो, पण तेवढी रक्कम बाजूला ठेवलेली नसते. ज्या संस्थेला दुरुस्ती निधी उभारणे जमणार नाही तिने वास्तूचा मोह धरू नये.

राखीव निधी किती असावा, यावर मतभेद आहेत. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढा, असा संकेत सर्वत्र सांगितला जातो. ज्या संस्थेची सगळी वर्गणी वर्षातून एकदाच, एकाच हंगामात जमा होते तिला सहा महिने अपुरे वाटतात; मी एका वर्षाच्या खर्चाएवढा निधी सुचवीन. याच्या उलट टोकाच्या संस्थाही पाहिल्या आहेत, ज्या वर्षानुवर्षे पैसा साठवतात आणि काम मात्र आकसत नेतात. तेही योग्य नाही. सभासदांनी पैसे संस्थेच्या कामासाठी दिलेले असतात. जेम्स टोबिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये कायम निधीवर चालणाऱ्या संस्थांबद्दल लिहिताना आजच्या आणि उद्याच्या पिढ्यांमध्ये समन्याय राखणे हे विश्वस्तांचे काम मानले होते. आजच्या सभासदांनी उद्याच्यांचे खाऊ नये आणि उद्याच्या काळजीपोटी आजच्यांना उपाशीही ठेवू नये, असा त्याचा व्यवहारातला अर्थ मी घेतो. हा तोल साधला जातो आहे की नाही, हे एका वर्षाच्या पत्रकावरून कळूच शकत नाही.

मी सुचवतो त्या तक्त्यात फार काही नसावे. वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांची संख्या, आजीव सभासदांची संख्या आणि त्यांच्यासाठी राखलेली रक्कम, नूतनीकरण न केलेल्यांची संख्या, नियमित उत्पन्न, एकदाच आलेले उत्पन्न, नियमित खर्च, अट असलेला निधी, मोकळा निधी आणि त्या मोकळ्या निधीवर संस्था किती महिने चालेल, एवढ्या ओळी पुरतात. आकडे दोनदा लिहावेत: एकदा जसेच्या तसे आणि एकदा महागाई वजा करून, पहिल्या वर्षाच्या मोलात. सरकारी ग्राहक किंमत निर्देशांक सर्वांना उपलब्ध असतात, त्यामुळे हे काम साध्या गुणाकार-भागाकाराचे आहे. जुन्या अहवालांतून माहिती गोळा करायला पहिल्या वर्षी काही दिवस लागतील; नंतर दरवर्षी एक रकाना जोडायचा आणि सर्वांत जुना गाळायचा. हा तक्ता कोषाध्यक्षाच्या घरच्या कपाटात न राहता घटनेच्या प्रतीसोबत संस्थेच्या दप्तरात राहावा आणि निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला अर्जाबरोबर दिला जावा.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. असे आकडे पाहून सभासद घाबरतील, हा पहिला. माझा अनुभव निराळा आहे. वर्गणी का वाढवायची हे ज्यांना दहा वर्षांच्या आकड्यांनिशी समजावले गेले त्यांनी कुरकुर केली, प्रश्न विचारले आणि बहुतेकांनी वर्गणी भरली. ज्यांच्यावर ती एकाएकी लादली गेली ते दुखावले. दुसरा आक्षेप असा की व्यवस्थापनाचा खर्च उघड दाखवला तर देणगीदार पाठ फिरवतील. हा समज फार पसरलेला आहे आणि त्यानेच लहान संस्थांना हिशोबनीस ठेवण्यापासून, दप्तर नीट लावण्यापासून परावृत्त केले आहे. अमेरिकेतील संस्थांची माहिती देणाऱ्या व त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी २०१३ मध्ये देणगीदारांना उघड पत्र लिहून कळवले होते की व्यवस्थापन-खर्चाची टक्केवारी हे संस्थेच्या कामगिरीचे चांगले माप नाही. जे वर्षानुवर्षे हीच टक्केवारी लोकांपुढे मांडत आले होते त्यांनीच हे सांगावे, याला वजन आहे.

काही संस्थांचा तक्ता मांडल्यावर असेही दिसेल की नवे सभासद थांबले आहेत, मोकळा निधी दरवर्षी घटतो आहे आणि ज्या कामासाठी संस्था निघाली ते काम आता इतर कोणी चांगले करत आहे. अशा वेळी समविचारी संस्थेत विलीन होणे किंवा रीतसर विसर्जन करणे यात कमीपणा नाही. मात्र त्याला पैसे लागतात: आजीव सभासदांना दिलेल्या शब्दाची काही सोय करावी लागते, नोकरीवर ठेवलेल्या माणसाचे देणे भागवावे लागते, ठेवी देणाऱ्यांशी किंवा त्यांच्या वारसांशी बोलून त्या जवळच्याच हेतूच्या संस्थेकडे सोपवाव्या लागतात आणि दप्तर जतन करणाऱ्या एखाद्या ग्रंथालयाकडे द्यावे लागते. मोकळा निधी वर्षभराच्या खर्चाखाली जाण्याच्या बेतात असतानाच ती सभा बोलवावी; निधी संपल्यावर बोलावलेल्या सभेत यांतले काहीच करता येत नाही.

आपला विश्वासू,
एका सभासद-संस्थेचा माजी कोषाध्यक्ष